इरावतीबाई आणि आमचा खानदेश

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. पण इरावती कर्वे म्हटलं की त्यांची पुण्यातली स्कूटर, महाभारतावरचं 'युगान्त' आणि डेक्कन कॉलेज, एवढ्यावरच गाडी थांबते, तशी इथेही थांबली. स्कूटर सोडा हो! बर्लिनमध्ये युजेन फिशरसारख्या वंशश्रेष्ठत्ववादी माणसाच्या हाताखाली पीएच.डी. करायची आणि कवट्या मोजून, कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर ठरतो हे त्याचंच गृहीतक टिकत नाही असं लिहायचं, याला खरी छाती लागते. त्यावर लेखात जेमतेम एक ओळ आहे.

दुसरं म्हणजे, बाईंनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांचा अभ्यास केला होता, तो लेखात आलाच नाही. पश्चिम खानदेश म्हणजे आताचे धुळे आणि नंदुरबार. मी शहाद्याचा, म्हणून हे जास्त लागलं.

त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं १९५३ सालचं पुस्तक मी उशिरा वाचलं. उत्तरेत मामाची मुलगी बहिणीसारखी, दक्षिणेत तीच बायको, आणि महाराष्ट्र दोन्हींच्या मधे. वाचताना आमची आजीच डोळ्यासमोर आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीवर डांगर (खरबूज) ठेवता ठेवता ती माझ्या काकांना हमखास चिडवायची, "मामानी पोर करतास ते आज हाई तोंड नसतं!" (मामाची मुलगी केली असतीस, तर आज हे तोंड नसतं!) काकू तिथेच सांजोऱ्या तळत असायची, तिच्या तोंडाकडे बघायची कुणाची हिंमत नसे.

सवडीने लेखाचा दुसरा भाग लिहा, आणि त्यात तापीकाठही येऊ द्या.