डिस्क मेली, मग परीक्षण कशाचं लिहिता?

आमच्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सॲप गटात दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर नव्याने रंग लावून परत येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोनीने ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) बंद केली, म्हणजे डिस्क मेली. तसाही तोच ४के, म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके असलेल्या चित्राचा, सिनेमा ओटीटीवर मिळतो. ऑनलाइन विकत घेतलेला सिनेमा कायमचा आपला असतो, शिवाय त्याला बुरशी लागत नाही. आणि शेवटी टोमणा: पन्नास वर्षं जुन्या सिनेमाच्या ‘नव्या आवृत्ती’चं परीक्षण लिहिणारे लोक रिकामटेकडे. हा टोमणा मलाच असतो, कारण गटात असली परीक्षणं मीच टाकतो. तेव्हा एकदा काय ते बोलून टाकतो.

आधी सोनी. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं ते कोऱ्या ब्लू-रे डिस्कबद्दल, म्हणजे ज्यावर आपण स्वतः काही रेकॉर्ड करतो त्या. त्याच यादीत मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेटही होत्या. (लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना मिनीडीव्ही आठवत असेल.) सिनेमा छापून येतो त्या डिस्कचा यात काही संबंध नव्हता. कोऱ्या वह्यांचा कारखाना बंद पडला म्हणून पुस्तकं छापायची थांबत नाहीत. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये डिस्नेने अमेरिका-कॅनडातला आपला डिस्कचा सगळा कारभार सोनीकडेच सोपवला.

बाजार आटलाय, हे मात्र खरं. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवायची सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला संपवली. बेस्ट बाय या अमेरिकी दुकानसाखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणं सोडलं, सॅमसंग आणि एलजी प्लेअरच्या धंद्यातून मागे सरकले. आपल्याकडे तर हे फार आधी झालं. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा किराणा दुकानातही सिनेमे लटकत होते; २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. आता चांगली डिस्क हवी तर बाहेरून मागवावी लागते, आणि तिथे विभागांची भानगड असते: भारत ब्लू-रेच्या सी विभागात, अमेरिका ए मध्ये. न बघता मागवली तर डिस्क आपल्या प्लेअरवर चालत नाही. ४के डिस्कला विभागच नाही, हीच काय ती सोय. धंदा लहान झालाय, एवढंच म्हणा. क्रायटेरियन, ॲरो, किनो लॉर्बर, बीएफआय अशा निवडक सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या परदेशी संस्थांच्या नव्या डिस्क येतच आहेत.

‘तोच ४के’ हा दावा गणिताने तपासता येतो. नेटफ्लिक्स ४के साठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं. त्या पूर्ण वेगाने दोन तासांचा सिनेमा आला तरी तो साडेतेरा जीबीचा झाला. ४के डिस्क बहुधा ६६ किंवा १०० जीबीची असते. सरासरी ६० मेगाबिट धरले तर तोच सिनेमा ५४ जीबी घेतो. दोन्ही चित्रांत ठिपके तेवढेच, पण एका ठिपक्यामागे माहिती किती, तो फरक. धुकं, पाऊस, धूर, अंधारातली भिंत असं काही पडद्यावर आलं की कमी माहितीचं चित्र चौकोनी ठिगळांत फुटायला लागतं. आवाजात तर आणखी कसर: नेटफ्लिक्सचा ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) जास्तीत जास्त ७६८ किलोबिटचा, डिस्कवर तोच आवाज काही न गाळता.

बेचाळीस इंची टीव्ही आणि टीव्हीचेच स्पीकर असतील, तर यातलं फारसं काही जाणवणार नाही. मोबाइलवर तर विषयच संपला. शिवाय सोनीची स्वतःची एक सेवा ८० मेगाबिटपर्यंत जाते, म्हणजे ओटीटीला ते जमत नाही असं नाही. बाकीच्यांना त्यावर खर्च करायचा नसतो.

आता ‘कायमचा आपला’. विल्यम फ्रीडकिनच्या १९७१ च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’चं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आलं, की ओटीटीवर आणि ऑनलाइन विक्रीत असलेल्या प्रतीतून सुरुवातीचा एक तुकडा गायब आहे. नायक पोलिसाच्या तोंडी वांशिक शिवी आहे, तो. तो शब्द घाणेरडाच आहे, पण तो माणूस तसा आहे हे दाखवण्यासाठीच तिथे होता. मुद्दा शिवीचा नाही. कात्री लागल्याचं कुणी सांगितलं नाही, पाटी नाही, तळटीप नाही. कळलं ते ज्यांच्याकडे जुनी डिस्क होती त्यांच्यामुळे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्रावर डिस्कव्हरीचे कार्यक्रम पैसे देऊन घेतलेल्यांना कळवलं गेलं, की वर्षअखेर ते तुमच्या खात्यातून जातील. ओरड झाली, करार वाढला, कार्यक्रम तूर्त राहिले. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल माल विकताना ‘खरेदी करा’ म्हणायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. ‘विकत घेतला’ हा शब्द किती पोकळ होता, याची कबुली सरकारदरबारी नोंदली गेली म्हणायची.

बुरशीबद्दल मात्र मान खाली घालतो. आमच्या माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटी कोकणातल्या दोन पावसाळ्यांत पांढऱ्या पडल्या होत्या. डिस्कही अमर नसते. वॉर्नरने २००६ ते २००८ या काळात छापलेल्या बऱ्याच डीव्हीडी आतून सडल्या, आणि २०२५ मध्ये कंपनीने ते मान्य करून बदली प्रती देऊ केल्या. म्हणून जुन्या डिस्क वर्षातून एकदा चालवून बघाव्यात.

उरला रिकामटेकडेपणा. डिस्कच्या परीक्षणात सिनेमा बरा की वाईट हे ओझरतंच असतं. परीक्षण असतं प्रतीचं. आपल्याला हे नवं वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली, म्हणजे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले पाठभेद निवडून बाजूला केले. ग्रंथ तोच, मग खटाटोप कशाला, असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

सिनेमातही पाठभेद असतातच, आणि ते बहुधा ‘सुधारणे’च्या नावाखाली शिरतात. पुन्हा तोच ‘फ्रेंच कनेक्शन’. २००९ च्या ब्लू-रेसाठी फ्रीडकिनने स्वतः रंग बदलले, फिके आणि विटके केले. छायाचित्रकार ओवेन रॉयझमन जाहीरपणे त्याविरुद्ध बोलले, आणि २०१२ मध्ये त्यांना सोबत घेऊन नवी प्रत निघाली. दोघांपैकी खरा सिनेमा कुणाचा? दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा, असं मी एकेकाळी मानायचो. आता मानत नाही. १९७१ मध्ये लोकांनी जे पाहिलं, त्याचाही काही हक्क असतो.

किंवा मार्च २०२४ मध्ये आलेल्या जेम्स कॅमेरूनच्या तीन जुन्या सिनेमांच्या ४के डिस्क. फिल्मवर बारीक कण असतात, चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. संगणकाने ते पुसले आणि वर कडांना धार लावली, की चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत होतात आणि केसांची तार होते. ‘ट्रू लाइज’मध्ये हे इतकं झालंय, की श्वार्झनेगर स्वतःच्याच पुतळ्यासारखा दिसतो. वेष्टनावर अर्थात ‘४के’ लिहिलेलं आहेच. क्रायटेरियनसारख्या सोवळ्यातल्या कंपनीकडूनही चूक होते: २०२१ च्या ‘सिटिझन केन’ संचातल्या ब्लू-रेवर अर्ध्या तासानंतर चित्र फिकट पडायचं. घेणाऱ्यांनी बोंब मारली, कंपनीने डिस्क बदलून दिली. ती बोंब मारणारे रिकामटेकडेच होते.

मालिकांची तऱ्हा और. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचे जुने भाग चौकोनी टीव्हीसाठी काढलेले. डिस्ने प्लसवर २०१९ मध्ये ते आले तेव्हा आडवा पडदा भरण्यासाठी वरून-खालून कापले होते. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तिन्ही बिअर एकाच नळातून येतात हा एका दृश्यातला विनोद. नळ कापला गेला, विनोदही गेला. मूळ चौकट परत मिळायला पुढच्या वर्षाचा मे उजाडला. डीव्हीडीवाल्यांचा नळ जागेवरच होता.

दुसरं टोक ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर, पण संकलन व्हिडिओ टेपवर. ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून, स्कॅन करून, सगळी मालिका पुन्हा जुळवली. तिच्याच पुढच्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या नशिबी ते आलं नाही. निगेटिव्ह असेल तर तपशील बाहेर काढता येतो, फक्त टेप असेल तर नाही. यूट्यूबवर दूरदर्शनच्या जमान्यातली गाणी ‘४के रिमास्टर’ म्हणून टाकतात ना, त्यांना हे सांगायला हवं. ५७६ ओळींच्या टेपमधून चार हजार ठिपके रुंद चित्र निघत नाही. मशीन ते अंदाजाने रंगवतं, आणि मग गायिकेला दातांऐवजी एक सलग पांढरी पट्टी येते.

मैफलींना हाच नियम. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९९४ चा लंडनमधला ‘पल्स’ हा कार्यक्रम टेपवरच चित्रित झालाय. २०२२ ची ब्लू-रे मूळ टेपवरून नव्याने संकलित केलेली आहे, जुन्या डीव्हीडीपेक्षा स्वच्छ दिसते, पण तीक्ष्ण चित्राची अपेक्षा धरू नका. ती आवाजासाठी घ्यायची. मैफलीच्या डिस्कमध्ये मी आधी गाण्यांची यादी मूळ कार्यक्रमाशी ताडून बघतो, मग आवाजाचे पर्याय, चित्र सर्वांत शेवटी.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका मैफलीची डिस्क मी परीक्षण न वाचता, कस्टम ड्युटी भरून मागवली होती. प्रत्येक दोन गाण्यांच्या मध्ये मुलाखत घुसवलेली, टाळ्या पुरत्या संपायच्या आत कुणीतरी खुर्चीत बसून बोलायला लागतं, आणि ती गाळून नुसती गाणी ऐकायची सोयच नाही. गटातल्या कुणाला हवी असेल तर घरी येऊन घेऊन जा. मुलाखती चांगल्या आहेत.