पंधरा वॅटचं विरजण

आमच्याकडे गिटारचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, स्वयंपाकघरात असतो. फ्रिज आणि धान्याची कोठी यांच्या मधे. नवीन पाहुण्यांना तो आधी मायक्रोवेव्ह वाटतो, मग त्याच्या पोटावरची जाळी दिसते आणि ते विचारतात, "कूलर का?" मी हो म्हणतो. खरं सांगायला बसलं तर चहा निवतो.

तो मुळात हॉलमध्ये होता. घरी आणून पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याने स्वागताला 'घुंऽऽऽ' असा सूर लावला आणि सोडलाच नाही. गिटारच्या तारांवर हात ठेवला की आवाज कमी व्हायचा, उचलला की पुन्हा सुरू. मांडीवर घेतलं की गप्प बसणारं पोर असतं तसं. तीन आठवडे मी गिटारवर, वायरीवर, ट्यूबलाइटवर आणि पंख्याच्या रेग्युलेटरवर संशय घेतला. शेवटी इलेक्ट्रिशियन आला. त्याने हॉलमधलं सॉकेट उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "तिसरं भोक आहे. मागे वायर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शोभेचं आहे."

आमच्या इमारतीच्या बिल्डरने खरं अर्थिंग फक्त स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात दिलं होतं. एका वाजवणाऱ्या मित्राने उपाय सुचवला की प्लगची तिसरी पिन काढून टाक, गुणगुण थांबते. काही वेळा थांबते, हे खरं आहे. पण व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, अँपमध्ये आत तीनशेच्या वर व्होल्ट खेळत असतात, आणि आत काही बिघडलं तर त्या करंटला जमिनीकडे जायची वाट ही तिसरी पिनच देते. ती काढली, तर तो गिटारच्या तारांमधून माझ्या वाटेने जाणार. अर्थिंगवाल्या दोन जागांपैकी न्हाणीघर बाद. तेव्हा अँप स्वयंपाकघरात गेला. हा निर्णय शास्त्रीय होता, घरात मात्र तो आईच्या राज्यावरचं आक्रमण म्हणून नोंदला गेला.

आता व्हॉल्व्हचाच अँप का, ट्रान्झिस्टरचा का नाही, हे बायकोने मला पुष्कळदा विचारलंय. कारण असं, की व्हॉल्व्हकडे त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मागितलं की तो आवाजाचं डोकं एकदम छाटत नाही, गोलसर दाबतो. सूर फाटतो, पण जुनं मऊ सुती धोतर फाटावं तसा फाटतो. गिटारवाले आयुष्यभर त्या फाटण्याच्या मागे असतात. अडचण एवढीच की ऐपतीपेक्षा जास्त मागायचं म्हणजे आवाज मोठा करायचा.

माझा अँप पंधरा वॅटचा. बायकोला मी घेताना म्हटलं होतं, "अगं, पंधराच वॅट. बाथरूमचा बल्बसुद्धा याहून मोठा असतो." हे वाक्य आजही माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं. गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटवर, एका मीटर अंतरावर, साधारण ९५ ते १०० डेसिबल देतो. एका वॅटवर! आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मुभा आहे. आणि छोटा अँप घेऊन सुटकाही नाही, कारण कानाला आवाज निम्मा वाटायला वॅट निम्मे करून भागत नाही, दहावा हिस्सा करावे लागतात. म्हणजे पंधराच्या जागी दीड वॅटचा अँप आणला, तरी खालच्या मजल्यावरच्या काकांना तो फक्त निम्मा वाईट वाटणार.

तर व्हॉल्यूमच्या बटणावर एक ते दहा आकडे आहेत आणि आमच्या घरात अँप दीडवर चालतो. दीडवरचा व्हॉल्व्ह अँप म्हणजे लग्नाच्या पंक्तीत पथ्यावर बसलेला पैलवान. सगळं समोर वाढलेलं, आणि हा ताक पितोय.

यावर एक अधिकृत उपाय आहे. अँप आणि स्पीकर यांच्या मधे एक डबा लावायचा. तो अँपची बरीचशी ताकद उष्णतेत घालवतो आणि उरलेला थेंब स्पीकरला देतो. अँप जोरात, घर शांत. मी हे उत्साहाने समजावून सांगितलं. बायकोने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे पंधरा वॅट विकत घ्यायचे, आणि मग त्यातले चौदा जाळायचं यंत्र विकत घ्यायचं?"

तो डबा आमच्याकडे आला नाही.

त्याऐवजी पेडलं आली. पेडल म्हणजे पायाने दाबायची, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी, भडक रंगाची डबी. मोठ्या आवाजात जे फाटणं मिळतं ते लहान आवाजात देण्याचं आश्वासन ही डबी देते. आश्वासन हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतोय.

पहिलं आणलं हिरवं. आयबनेझचा ट्यूब स्क्रीमर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानमधून आलेली ही डबी इतकी गाजली की निम्म्या जगाने तिच्या नकला केल्या, आणि माझ्याकडची त्यातलीच एक. तिचा स्वभाव असा की ती खर्ज कापते आणि मधले सूर पुढे ढकलते. टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे वॉन ती फेंडरच्या अँपसमोर लावायचा. त्या अमेरिकन अँपच्या आवाजात मध्याला खड्डा असतो. हिरवी डबी नेमका तो खड्डा भरते. माझा अँप मात्र इंग्रजी वळणाचा, ईएल८४ व्हॉल्व्हचा, मध्याला आधीच भरलेला. भरलेल्या खड्ड्यावर आणखी भर टाकली की काय होतं, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. उंचवटा होतो. माझी गिटार सर्दी झालेल्या माणसासारखी नाकात बोलायला लागली. आईने आतून ऐकलं आणि म्हणाली, "एवढे पैसे घातलेस, आधी पत्रिका तरी बघायचीस दोघांची."

दुसरं निळं, बॉस कंपनीचं ब्लूज ड्रायव्हर. याला मध्याचं वेड नाही, हे सगळे सूर मोकळेपणाने पुढे पाठवतं. वरचेसुद्धा. माझ्या अँपचे वरचे सूर मुळातच चमकदार, त्यात हे. किसणीवर खोबरं संपून बोट लागावं तसा आवाज. मी अँपवरचं 'कट' नावाचं बटण डावीकडे फिरवत फिरवत पार शून्यावर आणलं, तरी धार कमी होईना. सहा महिन्यांनी कळलं की या घराण्याच्या अँपवर हे बटण उलटं चालतं. उजवीकडे फिरवलं की वरचे सूर कापले जातात. सहा महिने मी धार कमी करण्यासाठी धार लावत होतो.

तिसऱ्या पेडलबद्दल फार बोलत नाही. त्याचा अडॅप्टर हरवला म्हणून राउटरचा लावून बघितला. गिटारच्या पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनीच्या मध्यभागी ऋण टोक लागतं. घरातल्या बहुतेक अडॅप्टरांना मध्यभागी धन असतं, आणि राउटरचा वर बारा व्होल्टचा. पिन बरोबर बसली. पेडलही बसलं.

पुढे एका जाणत्याने खरी मेख सांगितली. पेडलचं गेन, म्हणजे सूर फाडणारं बटण, जवळजवळ बंद ठेवायचं आणि लेव्हल, म्हणजे पुढे जाणारा जोर, वाढवायची. फाटायचं काम डबीने करायचंच नाही, तिने फक्त अँपला मागून ढोसायचं, फाटेल तो अँप. मला पटलं. घरी येऊन करून पाहिलं, काही झालं नाही. कारण ढोसणं कामाला येतं ते अँप स्वतः कड्याच्या टोकावर उभा असेल तर. मग एक बोट पुरतं. माझा अँप दीडवर, म्हणजे पठारावर मधोमध मांडी घालून बसलेला. त्याला कोणीही ढोसलं तरी तो फार तर मागे वळून बघणार.

पावसाळ्यात बटणं फिरवली की खरखर सुरू झाली. त्यात निळं पेडल मधेच बोलेनासं व्हायला लागलं. पासोड्या विठोबाजवळच्या एका बोळात एक काका बसतात, त्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेत. अँप रिक्षात घालून त्यांच्याकडे नेला. मागची फळी काढल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. "ईएल८४! हा मोठ्या रेडिओत असायचा. आपल्याकडे बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची." मग त्यांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्याने काम सुरू केलं. मला आधी तो त्यांचा रुबाब वाटला. पण ती जुनी शिस्त आहे. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीवरून जातो. आणि प्लग काढला म्हणून भागत नाही, आतले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, नंतरही भरलेले राहतात.

त्यांनी बटणांत स्प्रे मारला, पेन्सिलीने एकेका लहान व्हॉल्व्हला टिचकी दिली, त्यातला एक घंटेसारखा किणकिणला, तो बाजूला ठेवला. मग निळं पेडल उघडलं, चिमट्याने काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

मोहरी होती.

"फोडणीची," काका म्हणाले. "स्पीकर काढल्याशिवाय अँप लावू नका... म्हणजे स्पीकरशिवाय लावू नका. ट्रान्सफॉर्मर जळेल. आणि गॅसपासून लांब ठेवा."

गॅसपासून लांब म्हणजे फ्रिजच्या पलीकडे, एवढंच शक्य होतं. आणि त्या जागेने पुढचं सगळं घडवलं.

डिसेंबरात पुण्यात दही लागत नाही. आई दुधाचं भांडं कधी शालीत गुंडाळते, कधी कणकेच्या डब्यात ठेवते. एका रात्री माझा रियाज झाला, मी पाणी प्यायला उठलो, तर अँपच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं. व्हॉल्व्हची सगळी ऊब वरच्या फटींतून येते, हे तिच्या हाताला कळलं होतं. मी आरडाओरडा केला. अँपवर पाण्याचा पेलासुद्धा ठेवू नये, हा पहिला नियम आहे. आईने शांतपणे सकाळी दही वाढलं. चमचा उभा राहत होता.

त्यानंतर घरातलं माझं स्थान बदलले. पूर्वी "पुरे आता" म्हणणारी आई साडेआठला हाक मारायला लागली, "अरे, वाजवत नाहीस का आज? दूध कोमट झालंय." मग तिला स्टँडबायच्या बटणाचा शोध लागला. त्यात व्हॉल्व्ह तापलेले राहतात आणि आवाज मात्र येत नाही. आईच्या दृष्टीने अँपची ही सर्वांगसुंदर अवस्था होती. तासन्‌तास असं ठेवणं व्हॉल्व्हला मानवत नाही, हे मी सांगितलं. "तुला तरी कुठे मानवतं रे, रात्रभर जागणं," ती म्हणाली, आणि भांड्याखाली घडी घातलेला पंचा ठेवला. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या यजमानांनी सोसायटीत माझ्याविरुद्ध दोन पत्रं दिली होती, त्या वाटी घेऊन विरजण मागायला आल्या.

आम्ही म्हात्रे पुलाच्या बाजूला राहतो. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात ढोलताशा पथकांचे सराव सुरू होतात. अशाच एका संध्याकाळी पहिला टोल पडला, खिडकीची काच हलली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. या आवाजात मला कोण ऐकणार? हिरवी डबी काढून ठेवली. निळी लावली, गेन बंद, लेव्हल वर. कट उजवीकडे. व्हॉल्यूम सहा.

एक तार छेडली आणि अँप जागा झाला. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोर दिला तर फाटतोय, आणि सोडलेला सूर विझायच्या ऐवजी फुलत जातोय. पायाखालची फरशी वाजत होती. कोठीतल्या ज्वारीनेसुद्धा ताल धरला असावा. दहा-अकरा मिनिटं मी असा वाजवला की हा अँप मी का घेतला, हे मला पुन्हा आठवलं. मग खर्जाची जाड तार दणकून ओढली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं की पंच्यावरचं पातेलं चालायला लागलंय.

गिटार गळ्यात होती. मी पोचेपर्यंत दीड लिटर कोमट दूध फटींतून आत गेलं होतं. आधी 'टिक्' असा बारीक आवाज आला, मग 'फस्स', मग फ्यूज. मी प्लग ओढला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलो, कारण कॅपॅसिटर आठवले.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालचे काका. हातात कागद. संपलं, असं मला वाटलं. "या ढोलांबद्दल तक्रार करतोय," ते म्हणाले. "तुम्ही सही करा. तुम्हाला संगीतातलं कळतं." मी सही केली. कागदावर दुधाचा अंगठा उमटला.

दुसऱ्या दिवशी बोळातल्या काकांनी फळी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आंबूस वास दुकानभर पसरला. एका ईएल८४च्या डोक्यावरचा चंदेरी डाग पांढराफटक झाला होता. मी रुमाल पुढे केला. "दही लागलंय वाटतं त्याला."

"दही नाही, साहेब. तापलेल्या काचेला दूध लागलं, तडा गेला. हवा आत शिरली की हे असं पांढरं होतं. गेला हा." त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे जोडीनेच बदलायचे. एक नवा, एक जुना चालत नाही."

नवी जोडी मागवायला आठवडा लागला. आत पुसून, सुकवून, स्पीकरचं कापडसुद्धा धुऊन अँप पुन्हा फ्रिजशेजारी आला. मी त्याच्या डोक्यावर जाड अक्षरात कागद चिकटवला, 'येथे काहीही ठेवू नये.' आईने चष्मा लावून तो वाचला, कागदाच्या कडेने हात फिरवून ऊब बघितली आणि विचारलं,

"नवे जुन्याइतकेच तापतात ना रे?"