पंधरा टॅग लावूनही पोस्ट का सापडत नाही?

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: टॅगवरचा, म्हणजे पोस्टखाली लावायच्या विषयाच्या चिठ्ठ्यांवरचा, आमचा लेख म्हणजे नसता उद्योग, तुमच्या द्राक्ष-कांद्याच्या ब्लॉगवर दर पोस्टला पंधरा टॅग लावूनही गुगलवरून वाचक वाढले नाहीत, आणि शोधाची चौकट असताना टॅग हवेत कशाला?

चौकटीचं आधी घेऊ, कारण मराठीत ती लंगडी पडते. वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचा मूळचा शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. ‘द्राक्ष’ टाकलं की ‘द्राक्षाला’ सापडतं. ‘कांदा’ टाकलं तर ‘कांद्याची साठवण’ सापडत नाही, कारण ‘कांद्या’मध्ये ‘कांदा’ नाहीच. सामान्यरूपाने, म्हणजे प्रत्यय लागताना बदलणाऱ्या रूपाने, घोळ केला. लासलगावच्या भावांवरच्या पोस्टमध्ये सगळीकडे ‘कांद्याला’, ‘कांद्याचे’च असेल, तर ती ‘कांदा’ शोधणाऱ्याला दिसणार नाही. हा शोध टॅगची नावंही तपासत नाही, तेव्हा तिथे टॅगही वाचवणार नाही. पण एक पोस्ट वाचून झालेला माणूस खालच्या ‘साठवण’ टॅगवर बोट ठेवतो आणि त्या विषयाच्या बाकीच्या सगळ्या पोस्ट समोर येतात. टॅगचं काम एवढंच.

गुगलचं म्हणाल, तर टॅग म्हणजे कीवर्ड नव्हेत. आणि कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली कीवर्डची न दिसणारी यादी, तीही वेबवरच्या क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय.

आता तुम्हीच नमुना म्हणून दिलेली यादी: नाशिक, नाशिक जिल्हा, निफाड, द्राक्ष, द्राक्षे, द्राक्षं, द्राक्षबाग, डाऊनी, डाउनी, केवडा, छाटणी, ऑक्टोबर छाटणी, गोडी छाटणी, शेती, शेतकरी. ‘डाऊनी’, ‘डाउनी’ आणि ‘केवडा’ हा एकच रोग, पण पोस्ट तीन डब्यांत विभागल्या जाणार आणि कुठल्याच डब्यात पूर्ण माहिती नसणार. बागाईतदार बोलताना डाऊनीच म्हणतात, म्हणून ‘डाऊनी’ ठेवा. ‘केवडा’ मजकुरात एकदा येऊ द्या. ऑक्टोबर छाटणी आणि गोडी छाटणी एकच, पण नुसत्या ‘छाटणी’त एप्रिलची खरड छाटणीही येऊन पडते. ही दोन कामं वेगळी, वाचकाची अडचणही वेगळी, तेव्हा टॅग दोनच: ‘ऑक्टोबर छाटणी’ आणि ‘खरड छाटणी’. द्राक्ष आणि कांदा हे तुमचे मुख्य विषय, ते प्रवर्गात (कॅटेगरीत) टाका, टॅगमध्ये नको. ‘निफाड’ तिथल्या निदान तीन-चार पोस्ट होणार असतील तरच. पंधरातून उरले तीन, फार तर चार.

एक खोड डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ मधला ‘ऱ्य’ काही कीबोर्ड वेगळ्या ‘ऱ’ने लिहितात, काही साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला शब्द दोन, म्हणून टॅगही दोन. उपाय सोपा: दोन-तीन अक्षरं टाइप करा आणि खाली येणाऱ्या सूचनांतून जुना टॅग निवडा. दोन टॅगांमध्ये स्वल्पविरामही हवा, नाहीतर डाऊनी आणि भुरी या दोन रोगांचा मिळून ‘डाऊनी भुरी’ नावाचा तिसराच टॅग जन्माला येतो.

टॅगचा स्लग, म्हणजे वेबपत्त्यात येणारं त्याचं नाव, रोमन लिपीत, आखूड ठेवा. वेबपत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ वर्णांचं होतं आणि वर्डप्रेसच्या स्लगची मर्यादा २०० वर्णांची, म्हणजे बावीस चिन्हांनंतर कात्री. काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, हे विसरू नका.

आधीचा पसारा आवरायला टॅगच्या यादीत ‘डाउनी’समोरच्या संख्येवर क्लिक करा. त्या पोस्ट उघडल्या की सगळ्या निवडा, एकगठ्ठा संपादनात (बल्क एडिट) ‘डाऊनी’ जोडा आणि जतन करा. मगच ‘डाउनी’ काढून टाका. क्रम उलटा झाला तर कुठल्या पोस्टला तो होता, हे हाताने शोधत बसावं लागेल. टॅग काढल्याने पोस्ट जात नाहीत, फक्त त्या टॅगच्या पानाचा पत्ता मोडतो. त्यावर बाहेरून दुवे असतील तर नव्या पानाकडे ३०१ वळण लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप तिकडे जाईल. वर्डप्रेसऐवजी गुगलच्या ब्लॉगरवर असाल, तर तिथे टॅगला लेबल म्हणतात; पोस्ट निवडून लेबलच्या चिन्हातून नवं लावायचं, जुनं काढायचं.

‘शेतकरी’ हा टॅग मात्र आजच काढा. तुमच्या ब्लॉगवर दुसरं येतंय कोण?