‘मधपेटी ठेवा आणि निश्चिंत राहा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

परसात मधमाश्या पाळू इच्छिणाऱ्यांसाठी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की एक पेटी आणून ठेवावी, मधमाश्या निसर्गतःच स्वतःची काळजी घेतात म्हणून ती उघडून त्यांना त्रास देऊ नये, पहिल्याच हंगामात मध मिळतो आणि पेटी ठेवणारा प्रत्येक जण मधमाश्यांना वाचवतो. शिवाय मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असे आइनस्टाईन यांनी सांगून ठेवले आहे. हा मजकूर पसरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असावा, पण त्यावर विसंबणाऱ्या नवख्याच्या परसात वसाहत कुजत मरते, म्हणून हे उत्तर.

आइनस्टाईन यांच्या लेखनात किंवा भाषणांत असे वाक्य आढळलेले नाही. भात, गहू आणि मका या मुख्य धान्यांना परागीभवनासाठी मधमाशी लागत नाही. फळे, भाज्या, तेलबिया यांपैकी अनेक पिकांचे उत्पादन मात्र कीटकांवाचून घटते, आणि मधमाशीचे महत्त्व पटवायला तेवढे खरे कारण पुरेसे आहे.

पेटी ठेवली की मधमाश्या वाचतात, हे म्हणणेही तपासून घ्यावे लागते. जगात माश्यांच्या या गटातील 20,000 हून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक एकेकट्या राहतात, पुष्कळशा जमिनीत बीळ करतात, आणि पेटीत पाळल्या जाणाऱ्या जाती त्यांत अगदी मोजक्या आहेत. हजारो माश्यांची वसाहत आपण आणतो, तेव्हा ती त्याच फुलांवर या एकट्या माश्यांची वाटेकरी होते. रानातल्या माश्यांचीच काळजी असेल तर वर्षभर फुलणारी झाडे लावणे, थोडी जमीन उघडी ठेवणे आणि कीटकनाशक न फवारणे हे पेटीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पहिल्या हंगामातील मधाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नव्या वसाहतीला आधी मेण घडवून पोळी बांधायची असतात आणि फुलोरा नसलेल्या दिवसांची बेगमी करायची असते, त्यामुळे पहिल्या वर्षी मालकाच्या वाट्याला काहीच न येणे हे स्वाभाविक धरावे.

खरा घातक सल्ला आहे तो पेटी न उघडण्याचा. ‘निसर्गतः’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. व्हरोआ ही जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, तांबूस, चपटी कीड मूळची आशियाई मधमाशीवरची असून त्या माशीने तिच्याशी जुळवून घेतले आहे. पण जगभर पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मेलिफेरा माशीवर ती विसाव्या शतकात पसरली, आणि त्या माशीपाशी तसा बचाव नाही. पोळ्यातल्या ज्या घरात, म्हणजे मेणाच्या कप्प्यात, अळी वाढते आणि ज्यावर झाकण लागण्याच्या बेतात असते, त्यात कीड शिरते आणि आतच वाढते, म्हणून बाहेरून पेटी गजबजलेली दिसत असतानाही वसाहत पोखरली जात असते. ती कोसळली की शेजारच्या वसाहतींतील माश्या उरलेला मध लुटायला येतात आणि कीड घेऊन परततात, म्हणजे दुर्लक्षाची किंमत इतरांनाही मोजावी लागते. तपासणी अवघड नाही. पेटीत पोळे ज्या सुट्या लाकडी चौकटींत बांधले जाते, त्यांपैकी राणी नसलेल्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे सुमारे 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन त्यांवर दोन चमचे पिठीसाखर टाकावी, बरणी हलकेच फिरवावी, मिनिटभर थांबावे आणि पांढऱ्या ताटात साखर झटकून गळालेले किडे मोजावेत. शंभर माश्यांमागे तीन किडे निघाले तर उपचार टाळता येत नाही. साखर माखलेल्या माश्या जिवंतच पेटीत परततात.

राणीबाबत मी स्वतः चुकलो आहे. ‘त्रास नको’ म्हणून सुरुवातीच्या काळात मी दोन महिने पेटी उघडली नाही. उघडली तेव्हा माश्या होत्या, पण एकेका घरात तीन-चार अंडी, तीही तळाशी नव्हे तर भिंतींना चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या घरांवर घुमटासारखी फुगलेली झाकणे. राणी कधीच गेली होती. तिच्या अभावी कामकरी माश्या अंडी घालू लागल्या होत्या, आणि अशा अंड्यांतून केवळ नर निपजतात. ती वसाहत मला वाचवता आली नाही.

म्हणून हंगामात आठ-दहा दिवसांनी पेटी उघडावी. राणी शोधत बसू नये. ऊन खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल अशी चौकट धरून अंडी पाहावीत. अंडे तीन दिवसांत फुटते, त्यामुळे घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती, हे निश्चित. याच कारणाने नवख्याने एक नव्हे तर दोन पेट्यांनी सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढे पुन्हा एका पेटीतली राणी गेली, तेव्हा ते आठवड्यातच कळले आणि दुसऱ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट मी तिच्यात ठेवली. माश्यांनी त्यातूनच शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती राणीघरे बांधली, आणि सुमारे चार आठवड्यांनी त्या पेटीत प्रत्येक घराच्या तळाशी पुन्हा एकेकच अंडे उभे होते.