विंचू उतरला, की नुसता ठणका उतरला?

विंचूदंशाने जीव जाऊ शकतो आणि त्यावर प्राझोसिन देतात, असं सांगणाऱ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, विंचू चावून कोणी मरत नाही, गावातला जाणता माणूस तो उतरवतो आणि लेखाने उगाच घबराट पसरवली. दोन, प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी, ती विंचवावर कशाला?

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. बहुतेक दंशांत नुसता ठणका असतो आणि तो काही तासांत आपसूक ओसरतो. मधल्या वेळात मंत्र टाकला, तर श्रेय मंत्राला मिळतं. पण कोकणातला लाल विंचू वेगळा. मोठ्या काळ्या विंचवाला लोक जास्त भितात, जीव मात्र हा लहानसा लाल घेतो. इथे ठणक्यावरून अंदाज बांधणं घातक ठरतं. ठणका भयंकर पण हातपाय गरम, तर धोका सहसा कमी. ठणका बेताचा, पण उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता, तर विष अंगात भिनलं आहे. ‘आता दुखत नाही’ म्हणून अशा पोराला घरी ठेवू नका.

हे विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाहिन्या मिटू देत नाही. मग ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. दम लागतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. प्राझोसिन नेमक्या त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणूनच रक्तदाबाची गोळी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात हा उपचार रुजवला, त्याआधी फुफ्फुसात पाणी झालेले कितीतरी रुग्ण दगावत.

डॉक्टर मुलांना २५० मायक्रोग्रॅम, मोठ्यांना ५०० देतात, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. साधीच गोळी लागते. एक्सएल, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडून चालत नाही. गोळीनंतर रुग्ण आडवाच हवा. आईने रडणारं मूल उचलून कडेवर घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ही गोळी घरी द्यायची नाही, ती याचसाठी.

प्रतिविषही आहे. महाडच्याच ७० रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी १७.७ तास, जोडीला प्रतिविष दिल्यावर ८. ते लवकर दिलं तरच एवढा उपयोग.

मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत म्हणू द्या. दंशाची वेळ लिहून घ्या, चिरू नका, आवळून बांधू नका, आणि वाटेत हातपाय चाचपत राहा.