मामीचा गुडघा आणि ग्रुपवरची वीट

'गुडघ्यात चरबीचं झाड उगवतं. पाकिटातल्या तेलाने आलेला नवा आजार. भुईमुगाच्या शेंगा बंद करा, गरम विटेने शेकून जोरात रगडा, चरबी वितळते. ऑपरेशन केलं तर मुळं पसरून कॅन्सर होतो.' घरच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं तेव्हाही मी गप्पच होतो. रविवारी अशोक चौकात मामीकडे गेलो, तर तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर रुपयाएवढा फोड! "सगळ्यांनी अंगठे दिले होते की रे," मामी म्हणाली.

आधी विटेचंच बघू. शेकून चरबी वितळत असती तर सोलापूरच्या मे महिन्यात कुणाला पोटच उरलं नसतं. या आजाराचं नाव लायपोमा आर्बोरेसन्स. सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. त्याखाली चरबीच्या पेशी भरतात आणि आपल्या चादरीच्या दशांसारखे गोंडे सांध्यात लोंबू लागतात, बहुतेक वेळा वाटीच्या वरच्या बाजूला. गुडघा हळूहळू सुजतो, मधूनमधून पाणी भरतं. वरून रगडून त्या गोंड्यांना काही होत नाही, कातडी मात्र भाजते. मामीची भाजली.

'आर्बर' म्हणजे लॅटिनमध्ये झाड, तेवढं खरं. पण झाडासारखं फक्त रूप. मुळंबिळं नाहीत, आणि हा कॅन्सरही नाही. दुर्बिणीने ते अस्तर काढलं की दुखणं सहसा परत येत नाही.

नवा आजार म्हणे! दोन्ही गुडघ्यांत हेच झालेल्या रुग्णाची नोंद 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'त १९५७ साली छापून आलीय. तेव्हा आमचे आजोबा घाण्यावरून किटलीत तेल आणायचे.

शेंगांचं काय बोलायचं? हा आजार बऱ्याचदा आधीच झिजलेल्या किंवा वाताने सुजलेल्या सांध्यात दिसतो, काही तरुणांत तसं काही नसतानाही. शेंगा सोडून वजन उतरलं तर झिजलेल्या गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मान्य. पण ते कुठल्याही गुडघ्याला लागू आहे.

आणि मुळात मामीला हाच आजार आहे, हे ठरवलं कुणी? ग्रुपने! हा दुर्मिळ आहे. या वयात गुडघा सुजतो तो बहुतेकदा झिजेने. एमआरआयमध्ये चरबी उजळ दिसते; तो उजेड दाबून काढलेलं एक चित्र असतं, त्यात हे गोंडे काळे पडतात आणि शंका मिटते. मामीचा साधा एक्स-रेसुद्धा झालेला नाही.

गुरुवारी हाडाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. वीट मी जिन्याखाली ठेवली. फळीवर चढवलेला शेंगाचटणीचा डबा मामीने स्वतःच खाली काढला.