पिक्सेलच्या खोलीला भाडं कशाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'सेकंड लाइफ' या ऑनलाइन आभासी जगात माझं एक शहर आहे, तिथे लोक पात्रं रंगवत राहतात. तिथल्या भाड्याच्या खोल्यांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचा सवाल असा, की जिथे जमीन हवी तेवढी निर्माण करता येते तिथे टंचाई कसली आणि भाडं कशाचं? वर टोला: "एरवी घरमालकांच्या नावाने खडे फोडता आणि खेळात स्वतःच घरमालक होता!" टोला बसला. मी पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, त्यामुळे खडे फोडायचा माझा हक्क मात्र शाबूत आहे.

जमीन हवी तेवढी होते, फुकट होत नाही. 256 बाय 256 मीटरचा एक रीजन, म्हणजे जमिनीचा एक तुकडा, हे जग चालवणाऱ्या लिंडेन लॅब कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याचे महिन्याला 229 डॉलर माझ्या कार्डावरून जातात. खोल्या 40, प्रत्येकीचं भाडं आठवड्याला 350 लिंडेन डॉलर, म्हणजे तिथलं चलन. एका अमेरिकन डॉलरला साधारण 250 लिंडेन धरा: 38 खोल्या भरल्या की नुसतं बिल निघतं. लिंडेन विकून डॉलर करताना कट जातो तो वेगळाच. म्हणजे सगळ्या खोल्या भरल्या तरी उरतात ते चहाचे पैसे. खरं तर मी मालक नाहीच, पोटभाडेकरू ठेवणारा भाडेकरू आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने 'ओपनस्पेस' या हलक्या वापराच्या स्वस्त रीजनचं महिन्याचं शुल्क 75 वरून 125 डॉलर करायचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात मोठा आरडाओरडा आमच्यासारख्यांनीच केला होता.

आणि टंचाई आहे. जागेची नाही, प्रिम्सची, म्हणजे वस्तू ज्यांनी घडतात त्या ठोकळ्यांची. रीजनची क्षमता 20,000. प्रत्येक खुर्ची, दिवा, कुंडी त्यातून वजा होते. म्हणून नवा भाडेकरू खोली केवढी हे विचारत नाही, "प्रिम्स किती?" विचारतो. मी प्रत्येकी 100 देतो. बाकीचे बहुतेक शहरच खातं: पोलीस ठाणं, बार, दवाखाना, ओले रस्ते. रस्त्याचं भाडं कोणी देत नाही, पण रस्ता नसेल तर खोली कोण घेईल? नुसतं घर हवं असणाऱ्यांना प्रीमियम सदस्यत्वावर कंपनीच घर देते, 2019 पासून बेलिसेरिया या कंपनीच्या घरांच्या खंडात तर फार देखणं. आमच्याकडे लोक शेजाऱ्यांसाठी येतात.

तिसऱ्या मजल्यावर एक जण कर्जबाजारी भुरट्या चोराचं पात्र रंगवतो. मी भाडं मागायला गेलो की तो खिडकीतून पळतो, शेजारीण "तो गावाला गेलाय" म्हणून थाप मारते, तासभर संवाद चालतात. त्याच्या दाराजवळच्या भाड्याच्या पेटीत मात्र तीन आठवड्यांचे पैसे आगाऊ भरलेले असतात! याला तुम्ही शोषण म्हणणार असाल तर कोण कोणाचं करतंय ते मला कळत नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं: "भाडेकरूला संरक्षण काय?" काहीच नाही. लेखात मी हे टाळलं होतं. गेल्या वर्षी एक बाई आईच्या आजारपणामुळे तीन आठवडे खेळात आल्या नाहीत. पेटीची मुदत संपली आणि माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, त्यांचं सगळं सामान परत पाठवलं. दोन वर्षं हळूहळू मांडलेलं बिऱ्हाड 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरमध्ये बोचकं होऊन पडलं. वस्तू एकही गेली नाही, मांडणी गेली. भिंतीवरचा फोटो कुठे होता हे कोणत्या स्क्रिप्टला माहीत असतं? मी माफी मागितली. त्यांनी "नियम नियम असतो" एवढंच लिहिलं आणि नंतर आल्या नाहीत.

तेव्हापासून आपोआप हुसकावणं बंद केलंय. आधी निरोप, मग महिनाभर वाट, मग मी स्वतः जाऊन बघतो. त्यांची खोली अजून कोणाला दिलेली नाही, म्हणून वरच्या हिशोबात 40 लिहिल्या तरी भाड्याने 39च जातात आणि महिन्याला थोडे डॉलर माझ्याच खिशातून पडतात.